एका लहान शब्दाचा मोठा संसार

आज मी आपणांपुढें एका फार लहान इंग्रजी शब्दाची हकीकत मांडणार आहें. इंग्रजींत तो अवघ्या तीन अक्षरांनीं लिहितात. त्याचा उच्चार 'सेट'. चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, नाटकाचा सेट अशा रूपांनीं तो आपल्या मराठी घरांत केव्हांच येऊन राहिला आहे. मग त्याची नव्यानें ओळख करून देण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. तें कारण सांगण्यासाठीं मला माझ्याच एका जुन्या चुकीपासून आरंभ केला पाहिजे.

मी नुकताच कॉलेजांत जाऊं लागलों होतों आणि सुटींत गांवीं आलों होतों. त्या वयांत मनुष्याला आपल्या इंग्रजीचा जेवढा अभिमान असतो, तेवढा पुढें कधींहि राहत नाहीं. आमच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी राहत. सारा गांव त्यांना आबा म्हणे. शेतांत जाण्याच्या वाटेवरून त्यांचा भाऊबंदांशीं दावा चालला होता. तालुक्याच्या कोर्टांत निकाल आबांच्या बाजूनें झाला. प्रतिपक्षानें जिल्ह्याच्या कोर्टांत अपील केलें. आणि त्या अपिलाच्या निकालाची इंग्रजी नक्कल हातांत घेऊन आबा एका सकाळीं आमच्या ओटीवर आले. "बाळ, एवढें वाचून सांग," असें म्हणून ते खालीं बसले.

शेवटच्या परिच्छेदांत, खालच्या कोर्टाचा हुकूमनामा 'सेट असाइड' करण्यांत येत आहे, अशा अर्थाचें वाक्य होतें. माझ्यापाशीं खिशांत मावेल एवढा एक कोश होता. त्यांत 'सेट' म्हणजे ठेवणें आणि 'असाइड' म्हणजे बाजूला, असें मला सांपडलें. उरलेलें काम मीं माझ्या बुद्धीनें केलें. आमची आई दर महिन्याला चार रुपये बाजूला ठेवीत असे. ते अडीअडचणीसाठीं राखून ठेवलेले असत. तेव्हां मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "आबा, तुमचा निकाल वरच्या कोर्टानें नीट राखून ठेवला आहे." आबांनीं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि ते देवळाकडे गेले.

आठ दिवसांनीं तालुक्याच्या वकिलांनीं त्यांना खरा अर्थ सांगितला. कायद्याच्या भाषेंत हुकूमनामा 'सेट असाइड' करणें म्हणजे तो रद्द करणें. आबा दावा हरले होते. आणि ते आनंदांत असतांना पुढच्या अपिलाची मुदत मात्र एकेक दिवसानें सरत होती. सुदैवानें ती संपली नव्हती, आणि वकिलांनीं अपील वेळेंत दाखल केलें. आबा माझ्यावर रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "बाळ, शब्द तर तूं सांगितलेस तेच होते ना? मग ठेवलेलें मोडलें कसें?"

त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. आज जें सांगणार आहें, तें त्या प्रश्नाचेंच उत्तर आहे.

प्रथम या शब्दाचा पसारा केवढा आहे, तें पाहूं. लंडन येथील फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या मंडळानें १८५७ सालीं इंग्रजी भाषेच्या एका नव्या, संपूर्ण कोशाचा विचार हातीं घेतला. मौजेची गोष्ट अशी कीं, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढविलेली दुसरी आवृत्ति मुंबईंत निघाली ती याच वर्षीं. इंग्रजी कोशाला मात्र फार काळ लागला. १८७९ सालीं जेम्स मरे यांनीं त्याचें संपादकत्व पत्करलें, १८८४ सालीं पहिला भाग छापून निघाला, आणि १९२८ सालीं जेव्हां काम पुरें झालें, तेव्हां मरे यांना जाऊन तेरा वर्षें झालीं होतीं. हाच तो सुप्रसिद्ध ऑक्सफर्डचा कोश.

मरे यांच्या कामाची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. शेंकडों वाचक निरनिराळीं पुस्तकें वाचीत, एखादा शब्द ज्या वाक्यांत आला असेल तें वाक्य कागदाच्या लहानशा चिठ्ठीवर उतरून घेत, आणि टपालानें संपादकांकडे पाठवीत. मरे यांनीं आपल्या बागेंत लोखंडी पत्र्याची एक खोली उभारली होती. तिच्या भिंतींना लांकडी खण होते, आणि त्या खणांत या चिठ्ठ्या लावून ठेवीत. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या जमल्या कीं त्यांचे ढीग करावयाचे. ज्या वाक्यांत शब्दाचें काम एकसारखें दिसेल, तीं वाक्यें एका ढिगांत. म्हणजे अर्थ आधीं ठरवून त्याला वाक्यें शोधावयाचीं, अशी ती रीत नव्हती. वाक्यें आधीं गोळा करावयाचीं आणि अर्थ त्यांतून ओळखावयाचा, अशी ती होती. मीं आबांच्या कागदापुढें बसून नेमकें याच्या उलट केलें होतें.

'सेट' हा शब्द ज्या भागांत येतो, तो भाग मरे यांचे सहकारी संपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वांट्याला आला होता. १९८९ सालीं या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ति निघाली. तींतील सर्वांत लांब नोंद कोणत्या शब्दाची होती म्हणाल, तर याच तीन अक्षरी 'सेट'ची. ती नोंद सुमारें ६०,००० शब्दांची आहे. एवढ्या मजकुराचें एक स्वतंत्र पुस्तक होईल. एकट्या क्रियापदाचेच चारशेंहून अधिक अर्थ तींत नोंदले आहेत. पुढें कोशाच्या पुन्हा संशोधनाचें काम सुरू झालें, आणि २०११ सालीं धांवणें या मूळ अर्थाच्या 'रन' या शब्दानें 'सेट'ला मागें टाकलें. त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले, आणि ते लावण्यांत एका संपादकाचे नऊ महिने गेले.

यांत एक गोष्ट आपल्या ध्यानांत येईल. ज्यांचे अर्थ मोजतां मोजतां पंडित थकले, ते शब्द जड आणि विद्वत्तेचे नाहींत. 'ठेव', 'धांव', 'कर' अशा घरगुती कामांचे ते शब्द आहेत. आपल्या घरांतला तांब्या पाहा. तो पाणी पिण्याला चालतो, पूजेला चालतो, तुळशीला पाणी घालण्याला चालतो, आणि प्रवासांतहि बरोबर असतो. देव्हाऱ्यांतली पळी मात्र आपलें एकच काम करते. ज्या शब्दावाचून दिवस जात नाहीं, त्याच्यावर नवनवीं कामें येऊन पडतात; ज्याची आठवण क्वचित् होते, तो आपल्या एका अर्थासह स्वस्थ बसतो.

आतां या शब्दाच्या मुळाकडे जाऊं. इंग्रजींत बसणें याला 'सिट' म्हणतात. 'सेट' हें त्याचेंच प्रयोजक रूप; म्हणजे बसविणें. आपण जसें पडणें-पाडणें, मरणें-मारणें म्हणतों, तसाच स्वरांत थोडा फरक करून हें रूप फार प्राचीन काळीं साधलें गेलें. इंग्रजींत पडणें याला 'फॉल' आणि झाड पाडणें याला 'फेल' म्हणतात, तेंहि याच नियमानें. या 'सिट'चा आणि संस्कृतांतील 'सद्' धातूचा उगम एकच आहे, असें तुलनात्मक भाषाशास्त्रानें सिद्ध केलें आहे. सदन म्हणजे बसण्याचें स्थान, सदस्य म्हणजे सभेंत बसणारा. संसद, परिषद, उपनिषद हे सारे याच कुळांतले शब्द. म्हणजे जो शब्द आपण परका म्हणून भीत होतों, तो आपल्या दूरच्या नात्यांतला निघाला.

मराठींतलें 'बसणें' हें क्रियापद या धातूपासून आलेलें नाहीं. तें 'उपविश्' यापासून निघालें. परंतु त्याचा संसार पाहिला, तर दोन्ही भाषांच्या मनाची चाल किती सारखी आहे, तें कळतें. आपण गणपति बसवितों, अंगठींत खडा बसवितों, मोडलेलें हाड बसवितों, गीताला चाल बसवितों, नाटक बसवितों, विस्कटलेल्या कारभाराची घडी बसवितों. यांपैकीं खडा, हाड आणि चाल या तिन्ही ठिकाणीं इंग्रज मनुष्य 'सेट' हेंच क्रियापद वापरतो. तेव्हां मराठी मुलाला या शब्दाची किल्ली शाळेंत जाण्यापूर्वींच मिळालेली असते. ती त्याच्या हातांत आहे, एवढें त्याला कोणी सांगत नाहीं.

मूळ अर्थ बसविणें हा एकदां धरला, कीं बाकीचे अर्थ पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत जातात. वस्तु जागेवर बसविली म्हणजे ती तेथें पक्की होते. म्हणून लग्नाची तिथि नेमणें, मालाची किंमत ठरविणें, परीक्षेची प्रश्नपत्रिका काढणें, या सर्वांना 'सेट' हा शब्द लागला. जें पक्कें झालें तें घट्ट होतें. म्हणून ओलें सिमेंट धरतें किंवा पातळ पदार्थ थिजतो, तेव्हांहि 'सेट'च. अनेक वस्तु जागच्या जागीं बसविल्या म्हणजे मांडणी होते. म्हणून जेवणाचें टेबल मांडणें हें 'सेट', आणि छापखान्यांत जुळाऱ्यानें खिळे जुळविणें हेंहि 'सेट'. एखाद्याला एका स्थितींतून उचलून दुसऱ्या स्थितींत नेऊन बसविणें हाहि त्याचाच अर्थ. म्हणून बंदिवानाला मोकळें सोडणें आणि गवताला आग लावणें या दोन्ही ठिकाणीं हाच शब्द दिसतो. सूर्यास्तालाहि तोच. आपला सूर्य मावळतो किंवा बुडतो. प्राचीन इंग्रजींत सूर्यास्ताचा जो एक शब्द होता, त्याचा अर्थ 'आसनाकडे जाणें' असा होता. दिवसभर चालून थकलेला सूर्य शेवटीं आपल्या जागेवर जाऊन बसतो, अशी ती कल्पना.

या प्रत्येक ठिकाणीं मराठींत वेगळें क्रियापद आलें, हें आपण ऐकलेंच: नेमणें, ठरविणें, काढणें, धरणें, थिजणें, मांडणें, जुळविणें, सोडणें, लावणें, मावळणें. म्हणून 'सेट म्हणजे अमुक' असें एकच उत्तर पाठ करणारा विद्यार्थी दहांपैकीं नऊ वेळां फसतो. याबद्दल इंग्रजीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मराठी शिकणाऱ्या परक्या मनुष्याला आपलें 'लागणें' असेंच घाबरवून सोडतें. भूक लागते, ठेंच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, आणि घाटांत गाडीहि लागते. हे अर्थ आपण कोठें पाठ केले? शेजारचा शब्द पाहून ते आपल्याला आपोआप समजतात.

शेजारच्या शब्दाचें हें सामर्थ्य इंग्रजींत फार मोठें आहे. 'सेट'च्या मागोमाग एखादें लहानसें अव्यय येतें आणि सारा अर्थ पालटून टाकतें. 'सेट अप' म्हणजे उभारणें; 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणें, किंवा एखादी गोष्ट व्यवस्थित मांडून सांगणें; 'सेट इन' म्हणजे पावसाळ्यासारख्या गोष्टीनें सुरू होऊन ठाण मांडणें; 'सेट ऑफ' म्हणजे निघणें, आणि हिशेबाच्या व्यवहारांत एका देण्यांतून दुसरें येणें वजा करणें. संस्कृतांत हें काम उपसर्ग करतात. ज्या 'सद्' धातूचा मघाशीं उल्लेख केला, त्याचेंच उदाहरण घ्या. 'प्र' लागला कीं प्रसाद होतो. गाळ खालीं बसून पाणी निवळावें, तशी मनाची प्रसन्नता. 'वि' लागला कीं विषाद होतो. म्हणजे मन खचणें. धातु एक, परंतु एकाचें फळ आनंद आणि दुसऱ्याचें खेद. फरक एवढाच कीं, संस्कृत उपसर्ग धातूच्या पुढें येऊन त्याला चिकटतो, म्हणून त्या दोहोंचा मिळून एकच शब्द आपण समजतों. इंग्रजी अव्यय मागें आणि सुटें उभें राहतें. म्हणून नवशिका दोन्ही शब्दांचे अर्थ वेगवेगळे काढतो आणि त्यांची बेरीज करतो. ती बेरीज चुकते.

आतां आबांच्या प्रश्नाचें उत्तर सोपें झालें. ठेवलेलें मोडलें कसें? शेतकरी पेरणीचें बीं बाजूला काढून ठेवतो, आणि नांगराच्या वाटेंत आलेला धोंडाहि उचलून बाजूला ठेवतो. हाताची क्रिया एकच आहे. बीं बाजूला ठेवलें तें पुढें उपयोगी पडावें म्हणून; धोंडा बाजूला ठेवला तो पुढें आड येऊं नये म्हणून. घरखर्चांतले पैसे 'सेट असाइड' होतात ते बियाण्यासारखे. वरचें कोर्ट खालच्या कोर्टाचा हुकूमनामा 'सेट असाइड' करतें तें धोंड्यासारखें. त्याचा अंमल संपला, तो कोणाच्या वाटेंत उभा राहणार नाहीं. शब्द तेच होते, परंतु ते पैशाविषयीं बोलले गेले कीं हुकूमनाम्याविषयीं, हें मीं पाहिलें नाहीं. आबांना त्या वेळीं हें असें सांगतां आलें असतें, तर त्यांना तें माझ्यापेक्षां लवकर समजलें असतें.

येथपर्यंत क्रियापदाची हकीकत झाली. परंतु चहाचा सेट किंवा पुस्तकांचा सेट म्हणतांना जो शब्द आपण वापरतों, तो याच घराण्यांतला नाहीं, हें ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. लॅटिन भाषेंत अनुसरणें या अर्थाच्या धातूपासून 'सेक्टा' हा शब्द झाला. त्याचा अर्थ अनुयायांचा समूह. तो जुन्या फ्रेंचमधून 'सेट' या रूपानें इंग्रजींत आला. एकमेकांच्या संगतीनें राहणाऱ्या वस्तूंचा जो गट, तो सेट. त्या लॅटिन धातूचें संस्कृत भावंड 'सच्' हें आहे, आणि त्यापासून आपला सचिव शब्द झाला आहे. सचिव म्हणजे मूळांत सोबत राहणारा. एकाच इंग्रजी शब्दांत एका बाजूनें सभेंत बसणारा सदस्य आणि दुसऱ्या बाजूनें संगतीला असणारा सचिव, असे दोघेहि येऊन भेटले आहेत. पुढें दोन्ही प्रवाह इतके मिसळले, कीं कोणता अर्थ कोणत्या उगमांतून आला, हें सांगणें कोशकारांनाहि पुष्कळ ठिकाणीं कठीण जातें. रंगभूमीवरचा सेट, म्हणजे मांडून उभा केलेला देखावा, हा क्रियापदाकडून आला. गणितांतला सेट हा समूहाकडून. त्या गणिती सेटला आपल्या पाठ्यपुस्तकांनीं संच हा सुरेख शब्द योजला आहे. दोन वेगळे शब्द एका रूपांत येण्याची ही गोष्ट आपल्याला नवी नाहीं. 'कर्म' यापासून झालेलें मराठी काम आणि इच्छा या अर्थाचा संस्कृत काम, हे लिहितांना आपण एकसारखेच लिहितों. त्यांचा गोंधळ मात्र कोणी करीत नाहीं.

श्रोतेहो, या सर्व विवेचनाचा व्यवहारांत उपयोग काय, तेवढें सांगून संपवितों. कोशांत शब्द पाहिल्यावर पहिल्याच अर्थावर थांबूं नका. पुष्कळ कोशांत पहिला अर्थ सर्वांत जुना किंवा सर्वांत सामान्य असतो. आपल्या वाक्याला हवा असलेला अर्थ विसाव्या ओळींतहि असूं शकेल. शब्दाच्या मागें कोणतें अव्यय आहे, तें पाहा. आणि असल्यास दोन्ही मिळून एकच शब्द समजून शोधा. तें वाक्य कोणत्या धंद्याचें आहे, हें स्वतःला विचारा. स्वैपाकघर, छापखाना, दवाखाना आणि कोर्ट, यांचे शब्दार्थ निरनिराळे असतात. हल्लीं हातांतल्या यंत्रावर क्षणांत भाषांतर मिळतें. त्याची सोय मोठी आहे. परंतु तेंहि कधीं कधीं शेजारचा शब्द न पाहतां उत्तर देतें, आणि तें माझ्याइतक्याच आत्मविश्वासानें देतें. उच्च न्यायालयाचे निकाल आजहि मूळ इंग्रजींत लिहिले जातात. ज्या कागदावर कोणाची जमीन, वाट किंवा घर अवलंबून आहे, त्याचा अर्थ त्या विषयाच्या जाणत्याकडून समजून घ्यावा. आणि आपल्याला जर कोणी तो विचारला, तर "मला नक्की माहीत नाहीं" असें म्हणण्याची लाज बाळगूं नये. मीं तेवढें म्हटलें असतें, तर आबांचे आठ दिवस वांचले असते.

शिक्षकांनाहि एक विनंती आहे. वर्गांतला एखादा मुलगा सूर्याच्या वाक्यांत 'सेट'चा अर्थ ठेवणें असा करून मोकळा होईल. त्याला हंसूं नये. शब्दाचा एक खरा अर्थ त्यानें सांगितलेला आहे. फक्त तो त्या वाक्याचा नाहीं. त्याला घरांतल्या गणपतीची, अंगठींतल्या खड्याची आणि बाजूला काढलेल्या धोंड्याची आठवण द्यावी. बाकीची वाट तो स्वतः चालून जाईल.